सोबतीला समुद्र असताना

बाळांनो, डोळे मिटा आणि छत्रपती संभाजीनगरच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी येऊन बसा. पलीकडे मेंढ्यांमागे जन्म काढलेले त्रिंबकआबा आणि त्यांची नात अक्षदा कोकणच्या गाडीची वाट पाहताहेत.

“आबा, किनाऱ्यानं किती दिवस चालायचं?”

“बारा. तुझे बूट टिकले म्हंजे झालं.”

“मग पाण्याच्या बाटल्या बाकाखाली का ठेवल्या?”

“उगं ओझं. मेंढरं घेऊन निघालो तरी पाणी धरूनच चालतो आपण. तिथं तर सगळ्या वाटंनं पाणीच हाय.”

“ते लई खारट असतं. तहान लागल्यावर?”

“असंल जरासं. आपल्या विहिरीचं बी हाय की. गाडी लागली, चल.”

अक्षदाने पेरूवाल्याकडून मूठभर मीठ मागून घेतले, एका बाटलीत टाकून हलवले आणि बाटली आबांपुढे धरली. “आधी एक घोट घ्या, मग चढू.”