पूजेला न आणलेला पेनड्राइव्ह

२००९ सालच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी उपवासाची फळं घेऊन मी कसबा बावड्याच्या बसची वाट पाहत होते. शेजारी एक बाप आणि त्याची मुलगी आपल्या फौंड्रीचं बोलत होते.

"आबा, उद्या पूजेला पेनड्राइव्ह आणायचा न्हाय."

"का गं? त्यात समदी ड्रॉइंगं हाईत. तीच आपली हत्यारं."

"गेल्या साली आणला, आणि पूजेनंतर तुमी कॉम्प्युटरलाच लावून ठेवलासा. व्हायरसनं दोन्हीकडच्या फायलींना कुलूप घातलं, वर पैसं मागितलं."

"दिलं न्हाईत की."

"ड्रॉइंगं तर गेली. जुने पार्ट मोजून वर्षभर तुमीच परत काढलीसा."

"व्हय. डोळं गेलं माझं त्यात."

"म्हणून हा घरीच ऱ्हाणार. देवघरात, डबीत."

"मग पूजा?"

"आई घरीच कुंकू लावंल."

बस आली. आबा पायरीवर थांबले.

"डबीलाच लाव म्हणावं तिला. उघडू नको."