कपाटात कोंडलेला कॉम्प्युटर

संशयी माणूस बघायचा असेल ना, तर कुंभवलीत आमच्या शेटना बघा. कोणीतरी पेनड्राइव्ह लावून गिऱ्हाइकांची माहिती पळवेल म्हणून त्यांनी कोणाला न विचारता ऑफिसचा सीपीयू लोखंडी कपाटात कोंडला. किल्ली स्वतःच्या खिशात. तेव्हापासून कॉम्प्युटर रोज दुपारी आपोआप बंद पडायला लागला.

"आपल्यातलाच कोणीतरी आहे," शेट म्हणाले आणि त्यांनी कपाटाच्या फटींवर चिकटपट्ट्या मारल्या. पट्ट्या शाबूत राहिल्या, पण कॉम्प्युटर आता सकाळीच बंद पडू लागला.

एकदा पॅकिंगमधली रत्नाताई कपाटावरचा आपला डबा घ्यायला आली. शेटनी तिला अडवलंच. "रोज इथेच का ठेवतेस? काय आहे त्यात?"

"भाकरी नि बोंबलाचं कालवण हाय. तुमच्या कपाटावर ठेवलं का चुलीवर ठेवल्यासारखं गरम राहतं, शेट."

मी कपाटाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "शेट, आत सीपीयू भाजतोय!"

शेटनी कुलूप काढलं, तशी भट्टीसारखी झळ बाहेर आली. मग ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "नीट आठवून सांग. हे कपाट माझ्या डोक्यात कोणी भरवलं?"