जोडीची दोरी

माझी बायको ताराबाई गेल्याचं मला डॉक्टरांनी धारूरच्या दवाखान्यात बाकावर सांगितलं. सहकारी कारखान्याचा ऊस तोडायला आम्ही दोघं मिळून एक कोयता होतो. नवराबायकोच्या जोडीला मुकादम कोयताच म्हणतो.

काल कंबर दाखवायला गेलो, तर त्याच बाकावर शेजारी धुळाजी आणि त्याची बायको दगडाबाई भांडत होते.

"नीट बसा की."

"बसायचं हाडच दुखतंय, बसू कशावर?"

"डागदर काय म्हणला?"

"मांडीमागच्या तीन दोऱ्या त्या हाडाला बांधल्यात म्हणं. दोन एका गाठीत, एक बाजूला. मागल्या हंगामात उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून घसरलो, तवा जोडीची गाठ तुटली."

"अन् एकटी?"

"ती हाय शाबूत. तिच्यावरच चालतोय."

"लई चालले! शिवून घ्या म्हणला ना?"

"मग यंदाचा कारखाना? विहिरीत थेंब न्हाई, घरी बसून खावं काय?"

"मी जाते."

"अर्धा कोयता मुकादम घेतो व्हय?"

"मग दोघं घरी राहू. तुमी लंगडत मोळी उचलायची अन् मी बघत बसायचं, हे मला न्हाई जमायचं."

डोक्यावर ओझ्याखाली ठेवतात ती चुंबळ तिनं पिशवीतून काढली आणि त्याच्या बुडाखाली सारली.

"आता?"

"हाड टेकत न्हाई आता. बरं वाटतंय."

"मग?"

"शिव म्हण त्याला."

"हळू बोला," मी म्हणालो. "दवाखाना हाय हा."

"कावून मामा," दगडाबाई म्हणाली, "तुमची बाई बोलत न्हाई का तुमच्याशी?"

आमचा कोयता मोडल्याचं मी मुकादमाला अजून सांगितलेलं नाही.