डबा वाजता कामा नये

...आणि वर कान लावतात हो डब्याला! वैद्यानं नाडी बघावी तसं! तुम्हाला सांगते, आमच्या रिसोडात भुलाबाईची गाणी झाली की खिरापत ओळखायची असते, डबा बंद, तो हलवायचा आणि आवाजावरून सांगायचं आत काय ते. तर माझ्या चुलतसासूबाई, रंगूबाई, माझा डबा एकदाच खडखडवतात, "फुटाणे! नागपुरात कालेज शिकली, अन् आणलं काय, तं फुटाणे!" दुसऱ्या दिवशी करंज्या... ओळखल्या. तिसऱ्या दिवशी खोबऱ्याची वडी, भोवती चक्क कापूस भरून नेली, तर म्हणतात, "कापूस नाही वाजत वं, वडी वाजते!" साऱ्या बाया खिदळतात आणि मी मधोमध उभी! सूड घ्यायचा नाही तर काय करायचं माणसानं?

म्हटलं, आता डबा वाजता कामा नये!

परसात जांब, म्हणजे तुमचे पेरू, पिकून पडत होते. कॉलेजातल्या मैत्रिणीची जेली आठवली. जांब शिजवले, फडक्यात बांधून दिवसभर टांगले... पिळायचं नाही हं, थेंब थेंब गळू द्यायचं... त्या रसात साखर, लिंबू, आणि चुलीपुढे मी! रस फसकन् वर आला, मी किंचाळले. ओसरीतून मामंजी, "साप निघाला काय?" म्हटलं, नाही, जेली! "ते कुठून निघाली?" म्हटलं, जांबांतून! पण हात थांबला नाही. ढवळताना मनात एकच, रंगूबाई, ओळखा आता! कढत कढत डब्यात काठोकाठ ओतली, थिजली, हलवून पाहिली... चूप! डबा वाजता कामा नये, नाहीच वाजला!

कोजागरीला रंगूबाईंनी कान लावला. हा कान, तो कान. "जड तं हाय, अन् वाजत काहून नाही वं?" मी म्हटलं, "हरले म्हणा." म्हणाल्या हो! सगळ्यांसमोर! "हरलो, माय!" झाकण काढून ताटात उपडी केली... लालसर, आरपार, थलथलणारी!

शेजारची हिरीबाई मागं सरकली, "हालून राह्यलं वं ते!" रंगूबाईंनी बोट लावलं, चाटलं, आणि माझ्या पाठीवरून असा मायेनं हात फिरवला की मी दचकलेच. "मुरब्बा करत होती काय, पोरी? फोडी साऱ्या इरघळल्या अन् पाक गोठला. होते असं. रडू नोको." मग एकेक बाई, "माहाबी बिघडला होता वं," म्हणत ताट चाटूनपुसून गेली.

जिंकले मी! आणि सोमवारपासून रंगूबाईंकडे जाते आहे... मुरब्बा शिकायला.