हेमावतीबाईंचा दाखला

सन्माननीय अध्यक्ष जनकोजीराव, व्यासपीठावरील पाहुणे, गिंडीच्या कारखान्यातील सहकारी, आणि आज निवृत्त होणारे आमचे सेतुमाधवराव व सौ. अन्नपूर्णाबाई,

रावांच्या सचोटीबद्दल आधीचे वक्ते बोललेच. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस. एका दाखल्याची हकीकत सांगतो.

आपल्या एक भागधारक, हेमावतीबाई. इथल्याच, मद्रासातल्या मैलापूरच्या, आपल्याच तंजावरी मराठी घरातल्या. लग्नानंतर युरोपात गेल्या. वडिलांनी दिलेल्या शेअर्सचा लाभांश धाडताना कंपनीला परदेशस्थ म्हणून पुरा कर कापावा लागे. पुढे दोन देशांत करार झाला: अशा लाभांशावर इथल्या सरकारने ठरावीक मर्यादेपर्यंतच कर घ्यावा. अट एवढीच, त्या तिथल्या रहिवासी असल्याचा तिथल्या कर-कचेरीचा दाखला हवा.

रावांनी तसं कळवलं. उत्तर आलं, "मी परकी नव्हें. असला दाखला मागणार नाहीं. कर कापा."

यजमान वारलेले, बाई शिवणकामावर राहत होत्या. हट्टच नव्हे का हा? मी म्हटलं, "राव, सोडून द्या."

"अहो, अकरा वर्षं बाई गावी आलेली नाही," ते म्हणाले. "तिच्या तिकिटाचे पैसे आपण कापतोय!"

त्यांनी पुन्हा लिहिलं, "ताई, राहता कुठे एवढंच सरकार विचारतं. तुम्ही कुणाच्या, हे विचारत नाही."

चार महिन्यांनी दाखला आला. करारानंतर जादा कापलेला कर परत मिळवायला रावांनी वर्षभर प्राप्तिकर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. त्यात बोटीचं भाडं निघालं.

गेल्या मार्गळीत, म्हणजे धनुर्मासात, बाई मद्रासला आल्या. आईवडील नव्हते, मैलापूरचं घर विकलेलं. उतरल्या रावांकडे. त्या दिवशी मीही पंगतीला होतो. अन्नपूर्णाबाई मुकाट्यानं वाढत होत्या.

"वहिनी, गप्प कां? बोला की," हेमावतीबाई म्हणाल्या.

"काय बोलूं?"

"सार कसं करतां, तें सांगा."

"तुला ठाव नाहीं?"

"ठाव आहे. तरी सांगा."

अन्नपूर्णाबाई चिंच भिजवण्यापासून सांगू लागल्या. हेमावतीबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. पानातला भात निवून गेला. सांगणं फोडणीपर्यंत आल्यावर हेमावतीबाई हळूच म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून सांगाल?"

महिन्याभरानं त्या परतल्या.

राव, कंपनीनं आपल्याला शाल दिली; माझ्यापाशी ही आठवणच होती. मंडळींनी निवांतपणे ऐकलंत, उपकार झाले. बोलण्यात कुठे तोल गेला असेल, तर शेजारच्या टेबलाचा जिव्हाळा समजून पोटात घाला. नमस्कार.