मुंबई मिळाली की महाबळेश्वर

…नाही, पण मी सांगू काय लोकांना, तुम्हीच बोला! परत येऊन चार दिवस नाही झाले, होल्डॉलचे पट्टेसुद्धा अजून मी सोडलेले नाहीत, आणि अख्खी चाळ दारात! 'काय वहिनी, कसं होतं महाबळेश्वर?' नळावर गेले, तिथे तेच. भाजी घ्यायला उतरले, तर भाजीवाला माप हातात धरून, 'बाई, कसं होतं महाबळेश्वर?' अरे, तू वांगी दे ना! मी आपली हसते आणि म्हणते, 'आमच्या वन्संना विचारा हो, त्या फार छान सांगतात.' मग लोक माझ्याकडे असे बघतात, की या बाईला थट्टा कुठे करावी ते कळत नाही का… थट्टा नाही हो! पण ते कळायला तुम्हाला पहिल्यापासून ऐकावं लागेल. बसा.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण, नलूताई. आता इंग्रजांच्या वेळी कसं होतं, उन्हाळा लागला की मुंबईचं सरकारच उठून महाबळेश्वरला जायचं. पुढे गव्हर्नर, त्याच्यामागे सेक्रेटरी, त्याच्यामागे फायली, आणि फायलींच्या मागे धापा टाकत आमच्यासारख्यांच्या घरचे कारकून! वन्संचे यजमान त्या कारकुनांतले. मोसम संपवून आले की नव्या बायकोला सांगायचे, खाली ही एवढी दरी, तळाशी चांदीच्या तारेसारखी नदी, आणि ढग म्हणजे काय, आपल्या पायाखाली! पुढच्या खेपेला तुला नेतो. आणि पुढच्या खेपेला गेले ते तापाने तिकडेच गेले. वन्सं तेव्हा सतरा वर्षांच्या. ट्रंक तेवढी परत आली, आणि ट्रंकेत एक कोरी काठी, वळणदार मुठीची, सासऱ्यांसाठी घेतलेली. ती काठी घेऊन वन्सं माहेरी आल्या, आणि आईवेगळ्या धाकट्या भावाला वाढवत बसल्या. तो धाकटा भाऊ म्हणजे आमचे हे. मनमोहन. वन्संचा मनू.

यातलं एक अक्षर वन्संनी मला कधी सांगितलं नाही हं! मला कळलं ते ह्यांच्या मावशीकडून. वन्सं फक्त एप्रिल-मेच्या उकाड्यात, पंख्याने वारा घेता घेता विचारायच्या, 'काय गं दुर्गा, तिकडे आता थंडी असेल का?' मी एकदा म्हटलं, 'तिकडे म्हणजे कुठे वन्सं?' तर म्हणाल्या, 'काही नाही. आमसुलं भिजत घाल.'

तेव्हा मी ठरवलं. म्हटलं, जायचं! छप्पन सालच्या मे महिन्यात सगळ्यांनी महाबळेश्वरला जायचं. हे पण चक्क हो म्हणाले! आणि दुसऱ्याच दिवशी वन्संची ती काठी कपाटामागून निघाली आणि तिला तेल लागलं. एरवी त्या काठीने आमचा हेरंब गॅलरीच्या पत्र्यावरचे चेंडू काढायचा.

मग काय विचारता तयारी! गिरगावात, घामाच्या धारा लागलेल्या, आणि मी लोकर घेऊन बसलेली, हेरंबचा स्वेटर विणायला. समोरचे शामराव, एकटा जीव, त्यांचा मुक्काम आमच्याच खुर्चीत. 'वहिनी, थंडी म्हणजे काय समजता तुम्ही? हाडं वाजतात हाडं!' स्वतः कल्याणच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत! आणि ह्यांची काळजी वेगळीच. 'तिकडे डोंगरावर मासळीचं काय?' आमच्या प्रभूंच्या घरात मासळीशिवाय रविवार म्हणजे सुतकच. तेव्हा सोड्यांचा, म्हणजे सोललेल्या सुक्या कोळंबीचा, एक डबा भरायचा ठरला. वन्सं स्वतः खात नाहीत, पण भावासाठी निवडायला बसल्या. एकेक सोडा उजेडात धरून बघायच्या, सालपटाचा कण राहू द्यायच्या नाहीत. नजर अशी, की ताटातला केस दारातून दिसायचा. बरं, माझ्याच ताटातला दिसायचा, ते सोडा.

आणि मग दिल्लीहून बातमी आली, की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही.

ते दिवस तुम्हाला सांगायला नकोत. मोर्चे, गोळीबार, कर्फ्यू… आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा बाहेर पडला तो परत आलाच नाही. त्याची आई कितीतरी दिवस गॅलरीत उभी असायची. तेव्हा हसायला कुणाला सुचत नव्हतं, मलासुद्धा नाही.

एका संध्याकाळी चाळीच्या चौकात सभा भरली. बोलता बोलता लोकांना चढला जोर, आणि एकेकजण शपथ घ्यायला लागला. तळमजल्यावरचा कुशाबा, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो, तो उठला. म्हणाला, 'मुंबई मिळेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही!' टाळ्या! शामराव उठले, 'मुंबई मिळेपर्यंत चहात साखर घेणार नाही!' टाळ्या! अहो, त्यांची साखर डॉक्टरांनी आधीच बंद केली होती, पण ते कोण सांगणार? मग सगळे वळले आमच्या ह्यांच्याकडे. 'मनमोहनराव, तुम्ही!' हे उभे राहिले. चप्पल गेलेली, साखर गेलेली, दाढी करणं कुणीतरी आधीच सोडलेलं. आता सोडायला उरलं काय? आणि ह्यांच्या डोक्यात तयारी सुरू झाल्यापासून एकच विषय. छाती पुढे काढून मोठ्याने म्हणाले, 'जोवर मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही, तोवर मी आणि माझ्या घरचं कुणीही महाबळेश्वरला पाऊल ठेवणार नाही! मुंबई मिळाली की महाबळेश्वर!'

तुम्हाला सांगते, टाळ्यांनी कबुतरं उडाली! मी वर गॅलरीत, हातात स्वेटरची अर्धी बाही. म्हटलं, अहो, जिथे आपण जन्मात कधी गेलो नाही, त्याचा त्याग? पण त्या जोशात ते कुणाला आठवणार? चाळीला वाटलं, जशी काही ही मंडळी दर उन्हाळ्याला जातात. शामराव डोळे पुसत म्हणाले, 'काय हा त्याग!' पुढच्या सभेत ह्यांच्या गळ्यात हार पडला. मी वन्संकडे बघितलं. त्या टाळ्या वाजवत होत्या. 'शहाणा गं माझा मनू,' म्हणाल्या. आणि आत जाऊन काठी परत कपाटामागे ठेवली.

बरं, सगळ्यांना वाटलं होतं, दिवाळीपर्यंत निकाल लागेल. कसली दिवाळी! मे आला की सोड्यांचा डबा भरायचा, हे म्हणायचे, 'यंदा नक्की!', आणि जून आला की तोच डबा उघडून कालवण करायचं. हेरंबचा स्वेटर… आधी बाह्या आखूड झाल्या, मग गळ्यातून डोकं जाईना. मी तो उसवला आणि मोठा विणला, परत उसवला, परत विणला. पोराला मिसरूड फुटलं, पण स्वेटरने काही मुंबईची हद्द सोडली नाही.

मी हुशारी करून बघितली हो! म्हटलं, 'वन्सं, आपण वाईच्या गणपतीला जाऊ. आणि वाईला गेलंच आहे, तर गाडी आपोआप वर चढते… आपण काय करणार?' वन्सं हसल्या. म्हणाल्या, 'दुर्गा, देवाचं नाव सांगून मनूचा शब्द मोडायचा? कुशाबाचे पाय बघितलेस का, कसे फुटलेत ते? तो नाही कुणाला फसवत.' आता बोला! ज्यांच्यासाठी जायचं, त्याच शपथेला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचून बसलेल्या! मी ह्यांना म्हटलं, 'अहो, वन्संचं वय होत चाललं.' हे म्हणाले, 'अगं, आता झालंच आहे. मुंबई मिळाली की महाबळेश्वर!'

मग एकदा सोड्याच्या कालवणात ह्यांच्या दाताखाली सालपट आलं. ओरडा कुणाला? मला! 'कसले सोडे आणतेस?' पुढच्या खेपेला परत सालपट. मला वाटलं, मासळीच हल्ली अशी येते. वन्सं गप्प. मग सुई ओवायला हेरंबला हाक मारायला लागल्या. मला वाटलं, पोराचे लाड. अहो, घर त्यांच्या पायाखालचं, डबा न् डबा हाताखालचा. चहा त्या करायच्या, देवाजवळ दिवा त्या लावायच्या. कळणार कसं? आणि मी? माझं सगळं लक्ष स्वेटरच्या मापाकडे!

आणि मग आला एक मे. साठ सालचा. मुंबई मिळाली! काय सांगू तुम्हाला, गिरगाव नुसतं पेटलं होतं आनंदाने! गुलाल काय, पेढे काय, ढोल काय! कुशाबाला चार जणांनी खांद्यावर घेतला आणि त्याच्या पायात नव्या चपला घातल्या, तर त्या त्याला चावायला लागल्या! शामरावांनी सगळ्यांदेखत साखरेचा चहा घेतला आणि संध्याकाळी आडवे झाले. हे तर हेरंबसारखे उड्या मारत जिना चढून आले, 'ताई! ताई, मुंबई मिळाली!' अंधार पडला तशी अख्ख्या चाळीवर रोषणाई झाली. लाल, हिरवे, पिवळे दिवे, गॅलरीच्या कठड्यावर, आमच्या डोक्यावर, नाकासमोर! आम्ही सगळे कठड्याशी. वन्संना मी मध्ये उभं केलं. त्या हसत होत्या. आणि मान जरा वर करून म्हणाल्या,

'दिवे कधी लावणार रे मनू?'

खाली ढोल वाजत होता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या दिव्यांकडे बघितलं… आणि काय सांगू, मला ती सालपटं, ती सुई, सगळं एकदम दिसलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी आणलं असतंत तर काही उरलं असतं. हे बाकावर बसूनच राहिले. घरी आल्यावर वन्संना म्हणाले, 'ताई, बोलली का नाहीस?' तर म्हणाल्या, 'तुझ्या सभा, तुझी धावपळ, लोकांची पोरं जाताहेत… त्यात मी माझे डोळे कुठे मध्ये काढू?' मग हे म्हणाले, रडत नव्हते पण आवाज तसाच, 'आता कशाला जायचं महाबळेश्वरला?' तशा वन्सं ताडकन म्हणाल्या, 'वा रे वा! मुंबई मिळाली की महाबळेश्वर, असं चारचौघांत म्हणालास ना? मग? आणि दुर्गा, माझी काठी काढ.'

निघालो! आता ह्यांच्या अख्ख्या ऑफिसने एकदम रजा मागितलेली, त्यामुळे आमचा नंबर लागला मोसम संपता संपता. होल्डॉल, ट्रंक, सोड्यांचा डबा, स्वेटरवाला हेरंब… तो स्वेटर परत आखूड! पुण्याहून एष्टीने वर. वाईचा घाट चढता चढता वन्संनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाल्या, 'आली गं थंडी.' कितीतरी वर्षं विचारत होत्या, ती थंडी!

आणि वर पोचलो… तर धुकं! धुकं म्हणजे काय, हेरंब हातभर पुढे गेला तर त्याला हाक मारून शोधावं लागे! ज्यांच्या आउटहाउसमध्ये उतरलो होतो त्यांचा माळी, शिवा, कपाळाला हात लावून म्हणाला, 'काल यायचं व्हतं ना बाईसाहेब! काल पार कोकण दिसत व्हतं हितनं!' दुसऱ्या दिवशी धुकं. तिसऱ्या दिवशी धुकं. दरी नाही, डोंगर नाही, काही नाही, नुसतं पांढरं. सोडे मात्र चांगले लागले.

शेवटच्या सकाळी वन्सं म्हणाल्या, मला कड्यावर न्या. नेलं. लोखंडी कठडा होता, तिथे उभं केलं. काठी दगडावर टेकवून त्या जरा वेळ वारा ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, 'काय दिसतंय रे मनू?'

हे खरं बोलणारे. म्हणाले, 'काही नाही ताई. धुकं आहे गं. आम्हालाही काही दिसत नाही.'

वन्सं हसल्या. ह्यांचा हात चाचपून हातात घेतला आणि म्हणाल्या, 'वेडा आहेस. मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतोस होय? मला नाही वाईट वाटत. सांग तू.'

आता तुम्हीच सांगा, काय करायचं माणसाने? मी तोंडात पदर कोंबला. हेरंबने मान फिरवली. आणि हे… त्या पांढऱ्या फट्ट धुक्यात टक लावून, जन्मात पहिल्यांदा बहिणीशी खोटं बोलायला लागले. 'खाली ही एवढी दरी आहे ताई… तळाशी नदी आहे, चांदीच्या तारेसारखी… आणि ढग आपल्या पायाखाली.' दुसरं काय सांगणार? लहानपणी झोपवताना वन्संनीच सांगितलेलं, तेवढंच ह्यांना ठाऊक! वन्सं ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, 'हं. मला सांगितलं होतं अगदी तस्संच आहे.'

त्यांना कळलं असेल का? मला विचारू नका. मी चार दिवस तेच ठरवत्येय.

तर असं आहे. संध्याकाळ झाली की वन्सं गॅलरीत काठी घेऊन बसतात, शामराव, कुशाबा, सगळी चाळ भोवती जमते, आणि वन्सं सांगतात. दरी सांगतात, नदी सांगतात, डोंगरावर सरकत जाणारी उन्हं सांगतात… रोज थोडं जास्तच असतं. हे आतल्या खोलीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसतात, पान उलटत नाहीत. आणि मी? मी तांदूळ निवडायचं ताट घेऊन उंबऱ्यात बसते, कान देऊन. कारण मलाही कुठेतरी कळायला हवं ना हो… आम्ही तिकडे जाऊन काय बघून आलो ते!