दोन गॅस्केटची जीप

घाटकोपरच्या पीयूसी सेंटरवर स्कूटर घेऊन थांबलेल्या सुलक्षणाने ओढणी नाकाला लावली. पुढच्या जुन्या डिझेल जीपच्या धुरात समोरची बिल्डिंग दिसेनाशी झाली होती. जीपवाले प्राध्यापक मात्र आपल्या मेकॅनिकला शिकवत होते.

“प्रितम, इंजिनच्या हेडखाली दोन गॅस्केट कशाला घातल्यास रे?”

“तुम्हीच दम दिलात ना सर, परत फुटली तर बघ म्हणून. एकाला दोन असल्या की टेन्शन नाही.”

“अरे, त्याने पिस्टनवरची जागा वाढली, कॉम्प्रेशन उतरलं. हवा पुरेशी दाबली जात नाही, म्हणून तापत नाही, म्हणून डिझेल अर्धवट जळतं. माझी पीएचडी आहे यात.”

“मग एक काढतो. परवा गाडी देतो.”

“परवा? उद्या वांद्र्याला माझं भाषण आहे, स्वच्छ हवेवर. आणि कॉम्प्रेशन फार चढलं तर नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात, ते वेगळंच.”

“गाडी बंद करा हो सर,” सेंटरवाला खोकत म्हणाला, “माझं मशीन जाईल.”

“मग टेस्ट?”

“मशीनची नळी मागच्या त्या नव्या टेम्पोला लावतो. फोटो तुमच्या नंबर प्लेटचा.”

“हे बरोबर नाही हं.”

“मग राहू दे?”

“नाही, नाही. फोटो नीट काढ.”

सर पास झाले. सुलक्षणाची स्कूटर पुढे आली.

“मॅडम, तुमची फेल. थोडक्यात गेली.”

जीप सुरू झाली. काळ्या लोटातून सरांचा आवाज आला, “सर्व्हिसिंग वेळेवर करत जा हो! ह्याच हवेत आपली मुलं वाढतात.”